आयत राहतो पलीकडे

सोमवार, ९ जानेवारी

वही सुनेची आहे. पहिल्या दोन पानांवर तिनं मुलांची उंची आणि वजनं लिहिली आहेत. ती तशीच ठेवली. तिसऱ्या पानापासून माझं राज्य.

झालं ते असं. शुक्रवारी सून वर्गात आकारांचा तक्ता लावायला स्टुलावर चढली. तक्ता लागला आणि स्टूल सरकलं. घोट्याचं हाड मोडलं, सहा आठवडे प्लास्टर. पडल्या पडल्या तिनं मुलांना विचारलं म्हणे, "तक्ता सरळ लागलाय का रे?" मुलं म्हणाली, "तक्ता सरळ आहे बाई, तुम्ही वाकड्या झालात."

हसण्याचं राहू दे. तिची नोकरी अजून कच्ची आहे. सतरा फेब्रुवारीला तपासणी. बाहेरून तपासनीस बाई येणार, तिसरीच्या वर्गात तासभर बसणार आणि मुलांना आकार ओळखायला, वेगळे काढायला लावणार. वर्ग कसोटीला उतरला तर सून कायम. नाहीतर वर्ष संपलं की हाती नारळ. दोन वर्षं ती या एका तासाची तयारी करते आहे आणि आता पाय उशीवर ठेवून छताकडे बघत बसली आहे.

काल मुख्याध्यापिका घरी आल्या होत्या. बदली शिक्षक मिळत नाही म्हणाल्या आणि माझ्याकडे बघत राहिल्या. याच शाळेच्या वरच्या वर्गांना मी बत्तीस वर्षं भाषा शिकवली. नोकरीतून सुटून अकरा वर्षं झाली. "सर, रोज गणिताचा एकच तास. बाकीचे आम्ही वाटून घेतो."

गणित! भूमितीशी माझा संबंध कंपासपेटीपुरता. आतली हत्यारं मित्राला देऊन मी त्या पेटीत कवितांचे कागद ठेवत असे.

मी काही बोलायच्या आत शिलाईच्या यंत्रावरून आमच्या घरच्या न्यायाधीशांचा निकाल आला. "घेतील हे तास. पोरं झोपतील, पण हे घेतील."

सून तेवढी हसली नाही. "बाबा, माझी पोरं आहेत ती," म्हणाली. "जपून."

मंगळवार, १० जानेवारी

अकरा वर्षांनी खडू हातात घेतला. बोटांना तो लागलीच ओळखीचा वाटला. मला मात्र वर्ग ओळखीचा वाटेना. बाकं बुटकी झाली आहेत की मीच कुठून तरी उंचावरून बघतो आहे, कोण जाणे. एकतीस मुलं. खिडकीतून येणाऱ्या उन्हात खडूची धूळ तरंगत होती आणि क्षणभर मीच तिसऱ्या बाकावर बसलो आहे असं वाटलं. आमचे मास्तर डोळे मिटून कविता म्हणत. त्यांचे डोळे उघडेपर्यंत आम्ही खिडकीतून जाऊन येत असू, पण कविता मात्र कानात राहायची.

"सर म्हणायचं की आजोबा?" हा पहिला प्रश्न. मतदान झालं. चौदा विरुद्ध चौदा. तिघं बाकाखाली काहीतरी शोधत होते. म्हणून मी 'आजोबासर' झालो.

मग व्याख्या सांगितली. ज्या चौकोनाच्या चारही भुजा समान व चारही कोन काटकोन, तो चौरस. मुलांनी लिहून घेतली. मागच्या बाकावर एक जण आहे, त्याचा आवाज तीन गल्ल्या ओलांडून जाईल. त्याचं नाव वर्गानंच 'भोंगा' ठेवलं आहे. त्यानं विचारलं, "भुजा म्हणजे?"

"भुजा म्हणजे हात," मी शब्दार्थ सांगितला. बत्तीस वर्षांची सवय.

तासाच्या शेवटी वह्या पाहिल्या. एकोणीस चौरसांना चार चार हात फुटले होते. भोंग्याच्या चौरसाच्या एका मनगटावर घड्याळ होतं आणि त्यात मधली सुट्टी झाली होती.

घरी सांगितलं तर सून पोट धरून हसली. मग म्हणाली, "बाबा, बाजू म्हणा, बाजू."

गुरुवार, १२ जानेवारी

दोन दिवस व्याख्या घोटल्या. उपयोग शून्य. दुसऱ्या बाकावर एक बारीकशी मुलगी बसते, ती तर तोंडच उघडत नाही. सगळं टिपते, बाहेर काही येत नाही. मी मनातल्या मनात तिचं नाव 'टिपकागद' ठेवलं आहे.

आज संध्याकाळी फिरताना मात्र सुचलं. आमच्या वेळी पाढेसुद्धा चालीवर होते. चाल लागली की विसरायची सोयच नसे! मग आकारांना चाल का नको? कोपऱ्यावरच्या दिव्यापासून घराच्या दारापर्यंत चार ओळी झाल्या:

चौरस मी, चौरस मी,
भुजा न जास्त, भुजा न कमी.
आयत राहतो पलीकडे,
जात नाही मी त्याच्याकडे.

शेवटची ओळ तर आपसूक आली. शेजारच्या मुलाशी कट्टी घेतलेल्या पोराचा हुबेहूब फुगलेला गाल. बाजू असा शब्द घालून पाहिला, पण लय लंगडते. भुजाच राहू देत. आता हात कोणी काढणार नाही.

बायकोला म्हणून दाखवली. ती दोरा ओवत होती. "जात का नाही म्हणे? भांडण कशावरून?" एवढंच बोलली. काव्याशी तिचं पहिल्यापासून जमत नाही.

शुक्रवार, १३ जानेवारी

यश. यश. यश.

पहिल्यांदा म्हटली तेव्हा टाळ्या. तिसऱ्यांदा मुलं बाकावर चढली. 'पलीकडे' म्हणताना सगळे खिडकीकडे बोट दाखवतात आणि 'त्याच्याकडे'ला तोंड फिरवतात. ही नाट्ययोजना भोंग्याची. मधल्या सुट्टीत नळापाशी रांगेत तीच कविता. शिपाईमामा तास वाजवायला निघाले तेही तालात.

टिपकागद गात नाही. ओठसुद्धा हलवत नाही. बिचारीला जमत नसावं.

रविवार, १५ जानेवारी

सहा मुलं बाईंना भेटायला आली. प्लास्टरवर सगळ्यांनी त्रिकोण काढले. मग भोंग्यानं इशारा केला आणि कविता सुरू झाली. सून हसत होती, ताल धरत होती. चौथ्या ओळीला तिचा हात थांबला.

"परत म्हणा बरं."

त्यांनी परत म्हटली. तिनं माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. कवितेचा असा परिणाम मी वर्गात अनेकदा पाहिला आहे.

"चाल छान आहे, बाबा," ती म्हणाली.

मुलं गेल्यावर तिनं गणिताचं पुस्तक मागून घेतलं आणि संध्याकाळभर काहीबाही चिठ्ठ्या लिहीत बसली. रोज एक चिठ्ठी मला देणार. "नुसतं गाणं नको, बाबा. त्यांचे हात चालू देत." पडून पडून कंटाळली आहे पोरगी. मी म्हटलं, दे. तेवढंच तिचं मन रमेल.

सोमवार, १६ जानेवारी

चिठ्ठी पहिली: आकारांची शिकार. मुलांनी शाळाभर हिंडायचं, सापडेल तो आकार वहीत काढायचा आणि घर करून द्यायचं: त्रिकोण इकडे, वर्तुळ इकडे, चौकोन इकडे.

फळा, दाराची कडी, पाण्याच्या टाकीचं झाकण, शिपाईमामांचा डबा, फरशी. वर्तुळांच्या यादीत शेवटी 'आजोबासरांचं पोट' होतं. मी हरकत घेतली. वर्तुळ सपाट असतं, मी म्हटलं. भोंगा म्हणाला, "मग सर, हे सपाट नाही हे तुम्हाला मान्य आहे."

चिठ्ठीत खाली एक ओळ होती. कागदाची दोनदा घडी घालून काटकोन करायचा, प्रत्येकानं तो 'घडीचा कोपरा' खिशात ठेवायचा आणि ज्या कोपऱ्याची शंका येईल तिथे लावून बघायचा. हे मुलांना फार आवडलं. दिवसभर जो तो पोलिसासारखा खिशातून कागद काढून भिंतींची झडती घेत होता. भोंग्यानं चौरस कागद टोकावर उभा धरला आणि जाहीर केलं की आता हा चौरस नाही, हिरा आहे. टिपकागदनं मुकाट्यानं घडीचा कोपरा चारही ठिकाणी लावला आणि कागद त्याला परत दिला. एक शब्द नाही. तो तोंडात मारल्यासारखा गप्प झाला. भोंगा गप्प! तारीख लक्षात ठेवावी.

बुधवार, १८ जानेवारी

आज पिशवी. बायकोनं उरलेल्या कापडाची तोंडाला नाडी असलेली पिशवी शिवून दिली. आत लाकडाचे तुकडे. हात घालायचा, बघायचं नाही, नाव घ्यायचं नाही. नुसतं वर्णन करायचं आणि बाकीच्यांनी ओळखायचं. "याला तीन टोकं आहेत, एक जास्त टोचतं." "हा गुळगुळीत आहे, याला सुरुवातच नाही." सुरुवातच नाही! वर्तुळाबद्दल इतकं सुंदर मी बत्तीस वर्षांत कोणाकडून ऐकलं नाही. मी ते वहीत लिहून घेत होतो तेवढ्यात पिशवीत दोन हात शिरले आणि मारामारी झाली.

सोमवार, २३ जानेवारी

लोकरीच्या दोन मोठ्या वेटोळ्यांचा खेळ. एक वेटोळं आयतांचं, एक चौरसांचं. जमिनीवर मांडायची आणि पुठ्ठ्याचे तुकडे त्यांत टाकायचे. वेटोळी मांडायला मी मुद्दाम टिपकागदला पुढे बोलावलं. लाजऱ्या मुलांना काम द्यावं.

तिनं आयतांचं लाल वेटोळं पसरलं. मग चौरसांचं निळं उचललं आणि लाल वेटोळ्याच्या आतच ठेवून दिलं.

"अगं, वेगळं ठेव. पलीकडे," मी म्हटलं. सगळा वर्ग लगेच गाऊ लागला आणि खिडकीकडे बोटं गेली. ती माझ्याकडे बघत राहिली. मग तिनं निळं वेटोळं उचलून दूर नेऊन ठेवलं. जाताना दोनदा मागे वळून पाहिलं.

गोंधळते अजून. वेळ द्यायला हवा.

घरी सुनेला सांगितलं. ती एकदम उठूनच बसली. "आत ठेवलं? तिनं स्वतःहून?"

"हो ना. पण मी लगेच दुरुस्त केलं."

"अरे देवा," ती म्हणाली आणि परत आडवी झाली. पाय दुखत असावा.

शुक्रवार, २७ जानेवारी

सायकलच्या व्हॉल्व्हच्या नळीचे तुकडे आणि काड्या. नळीच्या तुकड्यांनी काड्या जोडून आकार करायचे. त्रिकोण कितीही दाबला तरी हलत नाही, चौरस मात्र दाबला की आडवा पडतो. "सर, चौरसाला झोप आली!" मग सगळ्यांचे चौरस झोपले, उठले, पुन्हा झोपले. घडीचे कोपरे लावून पाहिले: झोपला की काटकोन गेले, बाजू मात्र तेवढ्याच. मला स्वतःला हे ठाऊक नव्हतं. घरी येऊन मीही एक केला आणि जेवताना ताटाशेजारी झोपवत-उठवत बसलो. बायको म्हणाली, "आता तुम्हालाही झोपवू का?"

बुधवार, १ फेब्रुवारी

आज पहिलीची मुलं दारातून जाताना माझी कविता म्हणत होती. पहिलीची! ज्यांना अजून आयत म्हणजे काय हे माहीत नाही. आयुष्यभर मासिकांना कविता पाठवल्या. साभार परत येण्यात कधी खंड पडला नाही. आणि आता म्हातारपणी माझ्या चार ओळी नळापाशी, जिन्यात, मैदानावर. तपासणीला सोळा दिवस आहेत. मला आता भीती वाटत नाही.

सुनेला हे सांगितलं. तिनं हसायचा प्रयत्न केला. मग म्हणाली, "बाबा, सोमवारची चिठ्ठी नीट वाचा हं. पाटीवर जसं लिहिलंय तसंच लिहा. शब्द बदलू नका."

मी कधी शब्द बदलतो?

सोमवार, ६ फेब्रुवारी

हे शांतपणे लिहायला हवं.

चिठ्ठी अशी होती: वर्गाचं दार म्हणजे आयताच्या घराचं दार. दारावर पाटी: 'आत येण्याचा नियम – चार बाजू. चारही कोपरे काटकोन.' प्रत्येक मुलाच्या हातात एक आकार. मी पहारेकरी. नियमात बसेल त्याला आत सोडायचं.

त्रिकोण आले, परत गेले. आडवा पडलेला चौरस आला, घडीचा कोपरा लावला, परत गेला. लांबट आयत ऐटीत आत गेले. मग टिपकागद आली. हातात चौरस.

"तू कुठे इकडे?" मी पहारेकऱ्याच्या आवाजात म्हटलं. "तू तर पलीकडचा."

ती हलली नाही. घडीचा कोपरा काढून चारही ठिकाणी लावला. मग पाटीकडे बोट केलं.

"पाटीवर लांबट असं लिहिलेलं नाही," ती म्हणाली.

सत्तावीस दिवसांत मी तिचा आवाज पहिल्यांदा ऐकला. स्वच्छ आणि जरासा घोगरा. मी पाटी वाचली. परत वाचली. माझ्याच अक्षरात होती.

"पण बाळ, चौरस तो चौरस, आयत तो आयत. एक जण दोन्ही कसा असेल?"

ती विचारात पडली. मागून भोंगा 'जात नाही मी' म्हणून सुरू झालाच होता. तिनं त्याला हातानंच थांबवलं.

"माझे आजोबा आहेत ना," ती म्हणाली, "ते बाबापण आहेत. माझ्या बाबांचे. आजोबा झाले म्हणून बाबा राहिले नाहीत असं नसतं. सगळेच आजोबा बाबा असतात. सगळे बाबा आजोबा नसतात."

मग ती हळूच म्हणाली, "म्हणून मी ते गाणं म्हणत नाही. ते खोटं आहे."

मी बाजूला झालो. ती आत गेली.

घरी आलो तो थेट सुनेच्या खोलीत. "तुला ठाऊक होतं?"

तिनं पुस्तक मिटलं. "हो, बाबा."

"त्या रविवारपासून?"

"तुमची चौथी ओळ ऐकल्यापासून."

"मग सांगायचं नाहीस? तुझी नोकरी आहे ही!"

"मी तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही मुलांना सांगितलं असतं. आणि मुलांनी तेही पाठ केलं असतं." तिनं मिटलेलं पुस्तक बाजूला ठेवलं. "त्यांच्यातल्या कोणाच्या तरी ते लक्षात येतं का बघत होते. आजची चिठ्ठी शेवटची होती. आजही नसतं आलं, तर रात्री तुम्हाला सांगणार होते. कसं, ते ठरत नव्हतं. तुम्ही ती कविता म्हणताना इतके खूश दिसता."

स्वयंपाकघरातून आवाज आला. "चाळीस वर्षं कापड बेततेय मी. चौरस रुमाल म्हणजे लांबी-रुंदी सारखी आलेला आयतच. कापडाला कविता येत नाही हे नशीब."

म्हणजे हिलाही ठाऊक होतं. घरात अज्ञानी मी एकटाच.

मंगळवार, ७ फेब्रुवारी

रात्रभर ठरवत होतो की गुपचूप विषय बदलावा. सकाळी ते जमलं नाही. वर्गात उभा राहिलो आणि म्हटलं, "मी तुम्हाला चुकीचं शिकवलं. कविता माझी, चूकही माझी. बाईंचा त्यात काही संबंध नाही."

भोंगा उभा राहिला. त्याच्या चेहऱ्यावर अपार आनंद होता. "म्हणजे सर चुकले?"

"चुकले."

"मग शिक्षा?"

चर्चा झाली. काही जण कोपऱ्यात उभं करायच्या बाजूचे होते, पण माझ्या गुडघ्यांचा विचार होऊन शिक्षा सौम्य झाली. मी फळ्यावर दहा वेळा लिहायचं: प्रत्येक चौरस हा आयत असतो. लिहिलं. सातव्या ओळीत 'प्रत्येक'चा रकार राहिला, तो टिपकागदनं दाखवला. ती ओळ पुन्हा लिहावी लागली.

सुट्टी झाली आणि एकतीसच्या एकतीस जण 'जात नाही मी त्याच्याकडे' गात पळाले. ती सुद्धा.

दहा दिवस उरले.

गुरुवार, ९ फेब्रुवारी

गाणं थांबेना. काल मनाई केली, तर गुणगुणू लागले. चाल लागली की विसरायची सोय नसते असं कोणीतरी शहाण्यानं याच वहीत लिहून ठेवलं आहे.

रात्री बसून नव्या ओळी रचल्या. 'आयताच्या निवासात', 'आयतकुळीचा वंशज मी'. बायको म्हणाली, हे कोर्टात वाचायचंय का.

आज हात टेकले. वर्गालाच म्हटलं, पहिल्या दोन ओळी राहू देत, पुढचं तुम्हीच दुरुस्त करा. अर्धा तास बाजार भरल्यासारखा गोंगाट. सासर-माहेरापर्यंत प्रकरण गेलं. शेवटी भोंगा आणि टिपकागद (जगात काहीही होऊ शकतं) एका बाकावर बसून भांडले आणि हे घेऊन आले:

आयताच्या मोठ्या घरी
माझीसुद्धा खोली खरी.

खोली! मी रात्रभर निवास, सदन, वंश यांत भटकत होतो, आणि त्यांनी सरळ खोली दिली. मला जरा हेवा वाटला, हे इथे कबूल करतो. 'खरी'ला आता सगळे छातीवर हात ठेवतात. तरी मधूनच कोणाच्या तरी तोंडून जुनं निसटतं आणि तो जीभ चावतो. भोंग्याच्या तोंडून तर रोज.

शुक्रवार, १७ फेब्रुवारी

तपासनीस बाई दहाला आल्या. हसतही नाहीत, रागावतही नाहीत. पाटी पुसून कोरी ठेवावी तसा चेहरा. मागे बसल्या. मी वेटोळी मांडली, काड्या वाटल्या, पिशवी फिरवली. सून घरी फोन उशाशी घेऊन बसली असणार हे सारखं डोळ्यांपुढे येत होतं.

मग बाई उठल्या. पिशवीतून स्वतःचे पुठ्ठ्याचे आकार काढून टेबलावर पसरले आणि वर्गावरून नजर फिरवली. माझा जप चालू होता, तो सोडून कोणीही. त्यांनी बोट केलं ते भोंग्याकडे.

"यातले सगळे आयत वेगळे काढ."

तो पुढे आला. एक लांबट उचलला, दुसरा, तिसरा. मग चौरसापाशी त्याचा हात थांबला. त्याचे ओठ हलत होते. मला एवढ्या लांबून कळेना, जुनं गाणं की नवं. जुनं तीन आठवड्यांचं, नवं आठ दिवसांचं. त्याची मान हळूहळू खिडकीकडे वळली. संपलं, मी म्हटलं.

तेवढ्यात त्यानं खिशात हात घातला. चुरगळलेला घडीचा कोपरा काढला, चौरसाच्या चारही कोपऱ्यांना लावला, बाजू मोजल्या आणि चौरस आयतांत ठेवून दिला. मग दुसरा. मग तिसरा, जो टोकावर उभा ठेवला होता, तोही.

"हे तर चौरस आहेत," बाई म्हणाल्या.

"आहेतच," भोंगा म्हणाला. "आयतपण आहेत."

"दोन्ही कसे?"

टिपकागद जागेवरून उठली आणि तिनं आजोबांचं सांगितलं. घोगऱ्या आवाजात, शांतपणे. बाईंनी विचारलं, "छान. हे कोणी शिकवलं?"

इथे मी तोंड उघडायला हवं होतं, पण भोंग्याच्या पुढे कोणाचं चाललंय? "आधी आजोबासरांनी चुकीचं शिकवलं," त्यानं तीन गल्ल्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. "मग हिनं सांगितलं. मग आम्ही सरांना शिक्षा केली. दहा वेळा. आणि बाईंच्या चिठ्ठ्या होत्या."

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं वाटलं. बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवून कबुली दिली. त्या खाली बसल्या आणि लिहू लागल्या. पानभर लिहिलं, पान उलटलं, पुन्हा लिहिलं. जाताना फक्त "येते" म्हणाल्या.

घरी सगळं सांगितलं. सून ऐकत राहिली. "त्यानं घडीचा कोपरा काढला? आपणहून?" एवढंच तिनं तीनदा विचारलं. पुढचं, म्हणजे मुख्य संकटाचं, तिच्या कानात शिरलंच नाही.

सोमवार, २० फेब्रुवारी

प्लास्टर निघालं. पाय बारीक झालाय, चालताना ती भिंत धरते.

मी वरच्या कार्यालयाला चार पानी पत्र लिहिलं आहे. सर्व दोष माझा, सुनेला त्याची झळ पोचू नये, वगैरे. दोन ठिकाणी भाषा बरी उतरली आहे. सुनेकडे पत्ता मागितला. "बाबा, आठ दिवस थांबा," म्हणाली. पत्र तिनं ठेवून घेतलं. संध्याकाळी सासू-सुना मिळून काहीतरी वाचून हसत होत्या. माझ्याकडे पाहून गप्प झाल्या.

शनिवार, २५ फेब्रुवारी

शिपाईमामा सकाळी पाकीट घेऊन आले. सून दारापर्यंत भिंत न धरता गेली.

कायम! एक मार्चपासून. बायकोनं यंत्र थांबवलं, ही घटना आमच्या घरात क्वचित घडते. शिपाईमामांनी दोनदा पाणी मागितलं, म्हणजे त्यांनाही जायचं नव्हतं.

सोबत तपासणीचा अहवाल होता. मीच मोठ्यानं वाचला. कृती विविध आहेत, मुले पडताळून पाहतात, सगळं चांगलं. आणि शेवटची ओळ आली तशी माझी जीभ अडखळली: 'या वर्गातील मुले शिक्षकांची चूक त्यांच्या तोंडावर सांगण्यास भीत नाहीत.'

व्हायचं ते झालंच होतं. चांगल्या अहवालाला माझ्यामुळे शेवटी गालबोट. मी सुनेला म्हटलं, "मुख्याध्यापिकांना सांगून एवढी ओळ गाळता येईल का बघतो. तुझ्या कागदपत्रांत हा ठपका कायमचा राहायला नको."

तिनं कागद माझ्या हातातून घेतला. ती ओळ मनात वाचली, मग सासूला वाचून दाखवली, मग पुन्हा मनात वाचली. डोळ्यांना पदर लावला. मी म्हटलं, "चुकलो गं."

"बाबा," ती म्हणाली, "मला याची फ्रेम करून द्या."

"ठपक्याची?"

ती हसायलाच लागली, डोळे पुसता पुसता. मी बायकोकडे पाहिलं, की निदान तू तरी हिला समजाव. ती दोरा तोडत म्हणाली, "तुम्हाला कविता कळते हो. गद्य कळत नाही."

असेल. पोरीचा हट्ट आहे तर उद्या चौकटवाल्याकडे जाऊन येतो. त्यानं आकार विचारला तर आयत म्हणून सांगेन. चौरस करून दिली, तर मात्र तक्रार करता येणार नाही.